शेळीच्या उंचीवरचा वारा

आपण अजून जिवंत आहोत हे पेन्शनरला दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन सांगावं लागतं. त्या दिवशी नगरच्या आमच्या शाखेत मी हयातीच्या दाखल्याचा फॉर्म हातात धरून रांगेत उभा होतो, पुढे आठ-दहा पांढरी डोकी, आणि खिशातला मोबाईल वाजला. करुणाचा फोन होता. करुणा म्हणजे एस्तेरबाईंची सून. सासूला ती आत्या म्हणायची. "काका, आत्या गेल्या," ती म्हणाली. छातीत दुखतंय म्हणून आदल्या दिवशी कर्जतला नेलं होतं, सकाळी संपलं होतं... मागचे गृहस्थ "सरका हो पुढं" म्हणत होते. मी सरकलो, सही केली, मशीनवर अंगठा ठेवला आणि मशीननं मी जिवंत असल्याचं मान्य केलं. बाहेर पायरीवर येऊन बसलो तेव्हा कुठं मला रडू आलं. लोकांना वाटलं असेल, म्हाताऱ्याची पेन्शन अडकली.

एस्तेरबाई कोणी मोठ्या नव्हत्या. पुरवणीत फोटो छापून यावा असं जगाच्या हिशेबी त्यांनी काही केलं नाही. मिरजगावापासून आत सहा-सात किलोमीटरवर माळाच्या कडेला एक वस्ती, तिथं त्यांचं तीन खोल्यांचं घर, घराला लागून पत्र्याचा गोठा आणि गोठ्यात पंचवीस-तीस काळ्याभोर शेळ्या. नवरा शाळेत शिपाई होता, तो लवकर गेला. मुलगा पुण्याला कंपनीत, सून करुणा इथं बाईंजवळ. रविवारी चर्च, उरलेले सहा दिवस शेळ्या, आणि रविवारीसुद्धा उपासना लांबली की बाईंची मान हळूहळू दाराकडे वळायची. मी त्या भागात पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे डॉक्टर नव्हे, डॉक्टरच्या खालचा. पण गावाकडं जनावराला सुई टोचणारा तो डॉक्टरच. नवा होतो तेव्हा मी प्रामाणिकपणे सांगून पाहिलं की बाई, मी डॉक्टर नाही. त्या म्हणाल्या, "आमच्या शेळीला काय म्हाईत? तुमी टोचा." त्यानंतर मी दुरुस्ती करायचं सोडून दिलं. खरं सांगायचं तर मलाही ते आवडायला लागलं होतं.

आमच्याकडं थंडी ती कसली, असं बाहेरच्यांना वाटतं. उन्हाळ्यात भाजून काढणारा मुलूख म्हणून आमची ख्याती. पण पौषातल्या एखाद्या पहाटे त्या माळावर उभं राहून बघा. आडोशाला झाड नाही, डोंगर नाही, आणि उगवतीकडून वारा सुटला की तो थेट हाडाला येऊन भिडतो. माणूस आणखी एक गोधडी ओढतो. चार दिवसांचं करडू काय ओढणार? आणि त्यात अवकाळी पाऊस आला तर संपलंच, भिजलेलं जनावर आणि वरून वारा, सकाळपर्यंत खेळ खलास. एस्तेरबाईंचा सगळा जीव त्या चार-सहा आठवड्यांवर टांगलेला असायचा. वर्षभराचं बाकीचं सगळं त्या सहज करायच्या, हसत करायच्या, पण थंडीचं नाव काढलं की चेहरा बदलायचा.

त्यांची थंडीची तयारी सुरू व्हायची आषाढात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती काही तयारी वाटलीच नाही. बाहेर पाऊस रिपरिपतोय आणि बाई बोकडाच्या पोटाखाली गोणपाटाचा तुकडा बांधतायत. बोकड नाराज, बाई ठाम. मी विचारलं, हे काय? तर म्हणाल्या, "शेळी पाच म्हैन्यानं वेती. आत्ता ह्याला मोकळा सोडला तर ऐन मार्गसर-पौषात करडं पडतील. थंडीत कशापायी आनायचं लेकरास्नी?" पुढं भाद्रपदात गोठ्याची वीतभर माती उकरून बाहेर, आत नवा मुरूम, त्यावर चुना. तुरीचं भुसकट खळ्यावरून आलं की त्यातलं सगळ्यात कोरडं बाजूला काढून ठेवायचं, ते शेळ्यांच्या अंथरुणाला. दसरा झाला की कडब्याच्या पेंढ्या गंजीला न लावता गोठ्याच्या उगवतीकडच्या भिंतीला उभ्या रचायच्या, म्हणजे चाऱ्याचा चारा आणि भिंतीची भिंत. आणि थंडीभर संध्याकाळच्या गव्हाणीत वाळला कडबाच. का, तर तो पचायला वेळ लागतो आणि शेळी पहाटेपर्यंत आतून गरम राहते. "पोटातच शेकोटी पेटाय पायजे, डाक्टर. बाहिरच्या शेकोटीचा नुसता धूर." हे मी पुस्तकात वाचून पास झालो होतो. त्या बाई सातवीपर्यंतही शिकल्या नव्हत्या.

आता जे सांगायचं आहे ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. माझी तिथली पहिलीच थंडी होती. थंडीपासून जनावरांचा बचाव कसा करावा, यावर मी वस्तीवस्तीवर जोरदार बोलत होतो. वारा आत येऊ द्यायचा नाही, हे माझं म्हणणं, आणि ते मी फारच मनावर घेतलं होतं. एस्तेरबाईंच्या गोठ्यात पत्र्याखाली मावळतीच्या अंगाला हातभर उघडी फट होती. मी म्हटलं, हे काय? प्लॅस्टिकचा कागद आणा आणि सगळं गच्च बंद करा. त्या घुटमळल्या. "वाफ कुठनं जाईल?" असं काहीतरी पुटपुटल्या. मी हसलो. हसलो हे मला पक्कं आठवतंय. मग सरकारी माणूस सांगतोय म्हणून त्यांनी कागद आणला, आणि मी स्वतः शिडीवर चढून खिळे ठोकले. आठवड्याभरानं निरोप आला. आत पाऊल टाकलं तर मुताच्या उग्र वासानं डोळे चुरचुरले. पत्र्याखाली साठलेलं पाणी थेंबाथेंबानं शेळ्यांच्या पाठीवर गळत होतं, भुसकट चिंब झालेलं, आणि कोपऱ्यात डालग्याखाली कार्तिकातली पाच करडं, छाती भरलेली, श्वासाबरोबर पोट आत-बाहेर. मी सुया दिल्या. त्यातली चार गेली.

शेवटचं करडू पुरून झाल्यावर मी खाली मान घालून उभा होतो. बाई चिडतील, वर तक्रार करतील, निदान चार शब्द सुनावतील, याची वाट बघत होतो. त्यांनी शिडी लावली, माझे खिळे एकेक करून उपटले, कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, "उद्या पहाटं या. उजाडायच्या आत." एवढंच. रात्रभर मला झोप लागली नाही. पहाटे गेलो, थंडी अशी की सायकलच्या दांड्यावर हात ठरेना. बाई जर्मनच्या वाडग्यात पाणी घेऊन गोठ्याच्या दारात उभ्या. म्हणाल्या, "आडवं व्हा."

"कुठं?"

"करडं निजत्यात तितं. तुमी उभ्यानं वारा बघताय. तुमच्या उंचीवर कुनी निजतंय का हितं?"

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. त्या शर्टासकट लेंड्या आणि भुसकटात एका कुशीवर आडवा झालो. बाईंनी दोन बोटं पाण्यात बुडवून माझ्या वरच्या गालावर ओढली, जशी आई तापलेल्या पोराच्या कपाळावर ओढते, आणि म्हणाल्या, गप पडून राहा. मी पडलो. उभं असताना मला त्या गोठ्यात वारा म्हणून जाणवला नव्हता. आणि आता ओल्या गालावर, भिंतीच्या बुडातून, दोन दगडांमधून, सुरीसारखी एक थंड रेघ सरळ माझ्या डोळ्याखाली येऊन लागली. मी बोट दाखवलं. बाईंनी तिथं चिंधी कोंबली. रेघ थांबली. मग दुसरी, जरा वरून. पुन्हा बोट, पुन्हा चिंधी. शेजारी एक शेळी शांतपणे रवंथ करत माझ्याकडं बघत होती, आणि वर मावळतीची फट, जी मी बंद केली होती, तिच्यातून उबदार वाफ हलकेच बाहेर जाताना दिसत होती. मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही... इतकी वर्षं शिकलो, परीक्षा दिल्या, आणि कुणीही कधी मला जनावराच्या जागी निजायला सांगितलं नव्हतं. मी उठलो तेव्हा बाई सहज म्हणाल्या, "येशूबाळ गोठ्यातच जन्मलं. सगळं लिवलंय, मेंढपाळ आलं, उगवतीकडचं शानं मागी लोक आलं. पर वारं कोन्त्या बाजूनं येत हुतं त्ये कुनी लिवलं न्हाई. मरियाबाईनं बघितलं आसंल की!"

मेलेल्या करडांचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही, आणि पुढं कधीच काढला नाही.

मग काही वर्षांनी तो पाऊस आला. मार्गशीर्षात दोन दिवस अवकाळी आणि वारा, आणि तिसऱ्या दिवशी मी पंचनाम्याला वस्त्या फिरत होतो. काय पाहिलं ते लिहीत नाही. शेळ्या-मेंढ्या ओळीनं झाकून ठेवलेल्या, आणि माणसं नुसती उकिडवी बसलेली. शेवटी एस्तेरबाईंच्या वस्तीकडं वळलो. दाराचा गोणपाटाचा पडदा सारला. आत ऊब होती, वाळक्या भुसकटाचा वास होता, आणि तीसच्या तीस शेळ्या रवंथ करत बसल्या होत्या, कट-कट-कट, त्या एवढ्या आवाजाशिवाय काही नाही. कार्तिकात झालेलं एक अशक्त करडू स्वेटरच्या कापलेल्या बाहीत घुसून झोपलं होतं. बाहेर सगळा मुलूख उघडा पडला होता आणि त्या पत्र्याखाली एका बाईनं आषाढापासून एकेक करून थंडी बाहेर ठेवली होती. माझ्या नकळत मी दारातच चपला काढल्या. बाईंनी मागून पाहिलं आणि म्हणाल्या, "चपला घाला वं डाक्टर, लेंड्या हायेत." पण मी तसाच आत गेलो.

एवढं सगळं पाहूनही मी कसा वागलो, ते आता सांगतो. पुढं मला शेळीपालनाच्या शिबिरांत बोलायला बोलवू लागले. मी 'ओल्या गालाची पद्धत' सांगायचो. लोकांना ती फार आवडायची. मी नाट्यमय बोलायचो, मंचावरच आडवा होऊन दाखवायचो, टाळ्या पडायच्या. 'माझ्या अनेक वर्षांच्या निरीक्षणातून' असं म्हणायचो. एस्तेरबाईंचं नाव कधीच घेतलं नाही. घेतलं असतं तर चार करडांची गोष्टही सांगावी लागली असती, ही एक सबब. आणि टाळ्या वाटून घ्याव्या लागल्या असत्या, हे खरं कारण. कर्जतच्या एका शिबिरात बोलून झाल्यावर मी विचारलं, कुणाला काही शंका? तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला. एस्तेरबाई होत्या, शेजारी करुणा. बाई उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "साहेब, गाल कोन्ता भिजवायचा? डावा का उजवा?"

साहेब म्हणाल्या. डाक्टर नाही. सभागृह हसलं. आणि मी, देवा, मी त्यांना अनोळखी असल्यासारखं उत्तर दिलं, "कोणताही चालेल, मावशी." त्या "बरं" म्हणून बसल्या.

नंतर चहाच्या टपरीपाशी मी त्यांना गाठलं. तोंड उघडणार तोच त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाल्या, "कोन्ताबी न्हाई, डाक्टर. दोनी. एका कुशीवर निजून वरचा गाल भिजवायचा, मंग कूस बदलायची, दुसरा भिजवायचा. तुमी त्या दिशी एकाच कुशीवरनं उठला, कापडं खराब झाली म्हनून घाईत. मला वाटलं, पुन्यांदा सांगू, ऱ्हाऊनच गेलं. तुमी समद्यास्नी अर्धंच सांगताय. लोकांची करडं मरतील की." मी म्हटलं, बाई, मी तुमचं नाव घेतलं नाही... त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी काहीतरी भलतंच बोलतोय. "नावानं काय वारं अडतंय व्हय?" म्हणाल्या, आणि एसटी आली म्हणून करुणाला घेऊन पळाल्या. त्यांना माझ्या खोटेपणाचा राग आला नव्हता. कुठल्या कोण अनोळखी करडांना एका बाजूनं वारा लागेल, याची काळजी लागली होती. माणूस एवढा मोठा असू शकतो, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. त्यानंतर मी दोन्ही गाल सांगू लागलो. नाव मात्र निवृत्तीपर्यंत घेतलं नाही, तेवढा धीर झाला नाही. आज इथं लिहितो. ती रीत एस्तेरबाईंची. माझी नव्हे. माझी होती ती प्लॅस्टिकच्या कागदाची.

शेवटची भेट दसऱ्याच्या सुमारास झाली. त्यांचं जुनं दाभण वाकलं होतं, मी नगरहून नवं नेलं होतं, चांगलं जाड, लांब. बाई ओसरीत गोणपाटं शिवत बसल्या होत्या, दाराचा नवा पडदा. डोळ्यांनी आताशा नीट दिसत नव्हतं, सुतळी मीच ओवून दिली. बोकडाची तक्रार चालली होती. यंदा त्यानं आषाढात पोटाचं गोणपाट फाडलं होतं आणि दोन शेळ्या ऐन थंडीत विणार होत्या. "माज्या हयातीत आसं पयल्यांदाच झालं. मला लई घोर लागलाय त्या दोघींचा." मी म्हटलं, तुम्ही आहात की. बाई सुतळी दातानं तोडत म्हणाल्या, "मी हाय. पर थंडी मी जायाच्या आधी आली पायजे ना?" मी हसण्यावारी नेलं.

थंडी त्यांच्या नंतर आली. मागच्या आठवड्यात करुणाचा फोन आला. "काका, गारठा पडायला लागलाय. दोन्ही शेळ्या दिवसांत आहेत. एकदा येऊन गोठा बघता का? माझ्यानं आत जाववत नाही." मी आदल्या संध्याकाळीच जाऊन राहिलो. पहाटे ती वाडगा घेऊन दारात उभी, तोच वाडगा, अगदी त्याच जागी. गोठा चोख होता. मुरूम नवा, चुना पसरलेला, उगवतीला कडबा रचलेला, सगळं बाईंनी दवाखान्यात जायच्या आधी करून ठेवलेलं. फक्त दाराचा पडदा अर्धाच शिवलेला होता. खालच्या कोपऱ्यात माझं दाभण तसंच टोचलेलं, सुतळी लोंबत राहिलेली. करुणा म्हणाली, "त्या शिवता शिवताच उठल्या होत्या छाती धरून. मी काढलं नाही काका. काढलं की संपलंच सगळं, असं वाटतं." मला कळलं. मला स्वतःलाही ते काढू नये असं वाटलं. मी म्हणालो, राहू दे तसंच, आपण वरून दुसरं गोणपाट ठोकू.

मग मी आडवा झालो. गुडघे आता साथ देत नाहीत, भिंतीला धरून बसलो, मग लवंडलो. करुणानं गाल भिजवला. वारा नाही. कुठूनच नाही. भिंतीच्या बुडाला बोटभरही फट उरली नव्हती. एक मरणाच्या दारातली बाई हे सगळं करून गेली होती... माझा गाल नुसता पाण्यानं ओला राहिला नव्हता, एवढं सांगतो. मी उठू लागलो तर करुणा म्हणाली, "काका, दुसरी कूस."

कूस बदलली. दुसरा गाल भिजला. आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यातून, त्या अर्धवट शिवणीतून, तीच सुरीसारखी रेघ. माझ्या नाकासमोर दोन्हींतली मोठी शेळी बसली होती, पोट टम्म, आणि तो वारा माझ्या गालावरून सरळ तिच्या कासेकडं चालला होता. वर दुसरं गोणपाट ठोकून खालचा तो कोपरा बंद होणारच नव्हता. मी बोट दाखवलं.

करुणा पडद्यापाशी गेली. मग खाली बसली, दोन्ही हातांनी दाभण धरलं आणि ओढलं. पहिले दोन टाके तिचे वाकडे पडले, पुढचे सरळ. शेवटाला गाठ मारून सुतळी दातानं तोडली, अगदी सासूसारखी. मग माझ्या शेजारी, भुसकटात, स्वतःच आडवी झाली.

परवा सकाळी तिचा फोन आला. दोन्ही शेळ्या व्यायल्या, तीन करडं, तिन्ही उभी राहून पितायत. बाहेर धुकं होतं म्हणे आणि भयंकर गारठा. मी विचारलं, "गोठा बघितलास ना?"

"बघितला, काका," ती म्हणाली. "दोन्ही गालांनी."